रस्त्यावर आणि ट्रॅकवर चालेल अशी स्पोर्ट्स कार: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, बीड या भागांतून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये संभाजीनगरकरांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा मराठवाड्यात महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक आहे का हा प्रश्न मिटला. आता प्रश्न वेगळे येतात: कोणती घ्यावी, कुठे चालवावी आणि ती सांभाळावी कशी. पुण्या-मुंबईकडच्या शिफारशी आपल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आपले रस्ते वेगळे, ऊन वेगळं, आणि जवळचा मोठा ट्रॅक नऊशे-हजार किलोमीटरवर. पुढची सगळी उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

१. नुसती वेगवान गाडी आणि स्पोर्ट्स कार यांत फरक काय?

सरळ रस्त्यावर झपकन वेग घेणाऱ्या गाड्या आज पुष्कळ आहेत, त्यात मोठ्या एसयूव्हीही आल्या. स्पोर्ट्स कार ओळखायची ती वळणावर आणि ब्रेकवर. वजन कमी, बसायची जागा खाली, स्टिअरिंग नेमकं, आणि वीस मिनिटं जोरात चालवल्यावरही ब्रेक, इंजिन आणि गिअरबॉक्स तापून हात टेकत नाहीत. ट्रॅकसाठी गाडी निवडताना ही शेवटची गोष्ट मी सगळ्यात वर ठेवतो. पहिल्या फेरीत कोणतीही गाडी छान वाटते, सहाव्या फेरीत तिची पारख होते.

२. आपल्याकडे नेमकी चुरस कोणत्या गाड्यांमध्ये आहे?

विचारणा येते ती बहुतेक चार गाड्यांची: बीएमडब्ल्यू एम२, पोर्शे ७१८ केमन, पोर्शे ९११ कॅरेरा आणि ९११ जीटी३. एम२ शोरूम किमतीला एक कोटीच्या आसपास, कॅरेरा दोन कोटींच्या घरात आणि जीटी३ त्याच्याही बरीच वर. पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, त्यामुळे केमन हवी असेल तर वापरलेलीच शोधावी लागते (प्रश्न १४ पाहा). बजेट पन्नास-साठ लाखांचं असेल तर प्रश्न १२ वाचा, तो तुमच्यासाठीच आहे.

३. एम२ घ्यावी का केमन? दोघांचे चाहते भांडतात, नेमकं काय समजावं?

दोन्ही गाड्यांचा स्वभाव मुळातच वेगळा आहे. एम२ चं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. तीन लिटरचं, दोन टर्बोचं, सहा सिलिंडरचं इंजिन, आताच्या आवृत्तीत ४८० पीएस (ताकद मोजायचं एकक, साधारण हॉर्सपॉवरइतकंच). वजन १७०० किलोच्या आसपास. केमनचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, दोन्ही आसांच्या (ॲक्सलच्या) मध्ये. जीटीएस ४.० या आवृत्तीत चार लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, ४०० पीएस, आणि वजन १४०० किलोच्या आसपास. म्हणजे ताकदीत ऐंशी पीएसने मागे, पण वजनाला तीनशे किलोने हलकी.

ट्रॅकवर हे तीनशे किलो प्रत्येक वळणाच्या आधी ब्रेकवर येतात आणि प्रत्येक वळणात टायरवर. मध्यभागी इंजिन असल्यामुळे केमन दिशा बदलते ती विचार केल्याबरोबर. एम२ ला तेवढी घाई नाही, ती आधी पुढच्या टायरवर टेकते, मग वळते. पण वळणातून बाहेर पडताना ती मागून किती सरकणार हे आधीच कळतं, आणि शिकणाऱ्या माणसाला या कळण्याचा मोठा आधार असतो.

आता रस्त्याचं. एम२ ला मागे दोन सीट आहेत, मुलं बसतात. डिकीत चार दिवसांचं सामान मावतं. पुण्यात बीएमडब्ल्यूची सर्व्हिस मिळते. संभाजीनगरहून नाशिकला किंवा लातूरहून पुण्याला ती रोजच्या गाडीसारखी जाते. केमन दोघांचीच.

माझं मत विचाराल तर घरात दुसरी मोठी गाडी असेल आणि गाडी चालवण्याचा आनंद हेच कारण असेल तर केमन. एकाच गाडीत सगळं बसवायचं असेल तर एम२. नुसत्या ट्रॅकच्या कसोटीवर केमन मला उजवी वाटते, पण मराठवाड्यातून वर्षात ट्रॅकवर जाणं होतंच किती, हेही तराजूत घाला (प्रश्न ६).

४. पैसे आहेत. मग सरळ जीटी३ का घेऊ नये?

घ्या, पण ती काय आहे ते समजून घ्या. जीटी३ चं चार लिटरचं बिनटर्बोचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ९००० फेरे) फिरतं आणि ५१० पीएस देतं. या पिढीत तिला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरणारं) सस्पेन्शन मिळालं, रस्त्यावरच्या ९११ मध्ये ते पहिल्यांदाच आलं. त्यामुळे जोरात वळताना पुढचं टायर रस्त्याला चिकटून राहतं. ड्राय संप (ऑइल इंजिनखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत) असल्याने लांब वळणात इंजिनला ऑइल कमी पडत नाही. दिवसभर ट्रॅकवर फिरवून संध्याकाळी एसी लावून हॉटेलवर जाता येईल अशा गाड्या जगात मोजक्या, त्यांत ही पहिल्या ओळीतली.

किंमत मोजावी लागते ती रस्त्यावर. सस्पेन्शन कडक, पुढचा ओठ खाली, मागे सीट नाहीत, केबिनमध्ये टायरचा आवाज. बीड बायपासवर खडी उडून बंपरवर आपटते ती ऐकू येते. शिवाय तिचं इंजिन खुलतं पाच-सहा हजार आरपीएमच्या पुढे, आणि तिथे पोचलं की कायदेशीर वेग मागे पडायला वेळ लागत नाही. ट्रॅकला नियमित जाणार असाल तर जीटी३ इतकी परतफेड करणारी गाडी सापडणार नाही. वर्षभर शहरात आणि महामार्गावरच फिरणार असेल तर साधी कॅरेरा घ्या. ३९४ पीएस, मागे लहान मुलांपुरत्या सीट, सस्पेन्शन सोसवणारं. आणि अधूनमधून ट्रॅकवर गेलात तरी ती मान खाली घालायला लावत नाही.

९११ ची एक खूण लक्षात ठेवा. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे असतं. वळणातून बाहेर पडताना त्यामुळे जबरदस्त पकड मिळते, ब्रेकवरही मागची चाकं आपला वाटा उचलतात. पण वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागचा भाग बाहेर निघू पाहतो. इलेक्ट्रॉनिक मदत सांभाळून घेते, तरी ही सवय पहिल्या दिवशीच प्रशिक्षकाकडून मोडून घ्यावी.

५. ज्या गाडीला पीएस जास्त, ती ट्रॅकवर पुढे, हे खरं ना?

नाही. मर्सिडीज-एएमजीची हायब्रीड सी६३ घ्या: ६८० पीएस, पण बॅटरी आणि मोटरमुळे वजन २१०० किलोच्या वर. सरळ पट्ट्यावर ती जीटी३ शी झुंज देईल. पण वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. वजन जितकं जास्त, तितका ताप जास्त.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या फेरीच्या वेळा वाचताना जपून. २०२१ मध्ये आलेल्या जीटी३ ने तिथली २०.८ किलोमीटरची फेरी ६ मिनिटं ५९.९ सेकंदांत मारली, हे खरं. पण चालक कंपनीचा निष्णात होता, टायर खास ट्रॅकचे होते. हा आकडा गाडीची हद्द सांगतो. आपल्या हातात ती किती वेगाने जाईल हे त्यातून कळत नाही.

६. मराठवाड्यातून ट्रॅकवर जायचं तर कुठे?

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट सगळ्यात मोठं: ५.१२५ किलोमीटर, २०११ मध्ये इथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला कडक ब्रेकिंग, म्हणून जड गाडीचं पितळ इथे लवकर उघडं पडतं. संभाजीनगरहून अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट सुमारे ३.७ किलोमीटरचं. नांदेडकरांना हैदराबादमार्गे ते नऊशेच्या आसपास पडतं, म्हणजे सगळ्यांत सोयीचं. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, आखूड आणि वळणांचा. शिकायला मला हाच आवडतो, कारण इथे वेग कमी आणि काम जास्त. पण जीटी३ सारख्या गाडीला तो अपुरा पडतो.

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ पासून सुरू. तो आपल्याला सगळ्यात जवळ, म्हणून बरेच जण विचारतात. ते वाहनचाचणीचं केंद्र आहे, मनात आलं की जाऊन गाडी फिरवण्याची जागा नाही. शिवाय लंबवर्तुळाकार ट्रॅकवर वळणाचं कसब शिकता येत नाही.

गाडी चालवत न्यावी का कॅरिअरवर? कॅरिअरवर. ट्रॅकचे टायर हजार किलोमीटरच्या काँक्रीटवर घासून तिथे पोचण्यात अर्थ नाही, आणि थकलेल्या चालकाने दुसऱ्या सकाळी ट्रॅकवर उतरू नये.

७. समृद्धी महामार्ग मोकळा असतो. पहाटे तिथेच गाडी पळवून पाहिली तर?

पाहू नका. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर वर्षापर्यंत कैद. पण दंड ही लहान गोष्ट. ट्रॅकवर चूक झाली तर बाजूला मोकळी जागा असते, मार्शल असतात, रुग्णवाहिका उभी असते. समृद्धीवर पुढे बंद पडलेला ट्रक असतो आणि त्याच्यामागे दिवा नसतो. त्यात उन्हात तापलेलं काँक्रीट आणि कमी हवेचा टायर ही जोडी जीवघेणी आहे.

ऊस हंगामात राज्यमार्गांवरही हेच. लातूर, धाराशिव, बीड पट्ट्यात रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रिफ्लेक्टरशिवाय जात असतो. अशा रस्त्यावर कोणत्याही गाडीचे ब्रेक पुरत नाहीत.

८. खाली बसलेली गाडी आपल्या रस्त्यांवर चालेल का?

चालते, पण रस्ता ओळखावा लागतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता म्हणूनच दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो, नुसते खड्डे बुजवून तो सपाट होत नाही. अशा लाटांवर कडक सस्पेन्शनची गाडी उड्या घेते आणि खालचा भाग टेकतो.

नवी ९११ घेत असाल तर फ्रंट ॲक्सल लिफ्ट हा पर्याय डोळे झाकून घ्या. बटण दाबलं की पुढचा भाग चार सेंटिमीटरच्या आसपास वर येतो. नंतर बसवायचं ठरवलं तर ते काम सोपं नाही, म्हणून ऑर्डर देतानाच सांगा. गावातल्या उभ्या गतिरोधकावर गाडी तिरपी घ्या, एका वेळी एकच चाक चढेल अशी. आणि बुकिंगच्या आधी डेमो गाडी तुमच्या स्वतःच्या घरापर्यंत मागवा. फाटकाचा चढ आणि पार्किंगचा उतार हीच अनेकांची अडचण निघते.

९. कार्बन सिरॅमिक ब्रेक घ्यावेत का?

हे ब्रेक हलके असतात आणि ताप सोसतात, यात शंका नाही. पण डिस्क बदलायची वेळ आली तर खर्च फार मोठा. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने स्टीलचेच ब्रेक घ्यावेत आणि वाचलेल्या पैशांत चांगले पॅड आणि ब्रेक फ्लुइड घालावं.

फ्लुइडकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. डॉट ४ या दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. ट्रॅक डेच्या (आपली गाडी ट्रॅकवर चालवायला मिळते त्या दिवसाच्या) आधी ताजं फ्लुइड भरून घ्या, गाडी नवी असली तरी. फेऱ्या संपल्यावर एक फेरी हळू मारून ब्रेक थंड करा, आणि थांबल्यावर हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा.

१०. टायर कोणते? ट्रॅकचे टायर रस्त्यावर चालतील?

मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस सारखा टायर रस्त्याला आणि अधूनमधूनच्या ट्रॅकला पुरतो. पायलट स्पोर्ट कप २ कोरड्या ट्रॅकवर सरस. पण त्याला खाचा कमी, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला वेळ लागत नाही. जून ते सप्टेंबर तो गाडीवर ठेवू नका. शक्य असेल तर रिमचा दुसरा संच ठेवा.

ट्रॅकवर हवा तापून दाब वाढतो. म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) येऊन गरम टायरचा दाब मोजावा आणि जास्तीची हवा सोडावी. परत निघताना टायर थंड झाले की पुन्हा रस्त्याचा दाब भरणं विसरू नका, प्रश्न ७ मधला धोका इथूनच सुरू होतो.

११. ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) या इंजिनांना चालतं का?

टाकीच्या झाकणाच्या आतलं लेबल आणि गाडीचं पुस्तक पाहा, शेवटचा शब्द त्यांचा. काही जुन्या आयात गाड्यांवर ई५ किंवा ई१० लिहिलेलं सापडेल. अशा गाडीच्या रबरी नळ्या आणि सील यांची तपासणी सर्व्हिसमध्ये करून घ्या, आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं. ऑक्टेनची गरजही लेबलवरच असते. ९५ च्या पुढचं पेट्रोल आपल्या प्रत्येक तालुक्यात मिळत नाही, तेव्हा प्रवासाआधी पंप ठरवून ठेवा.

१२. बजेट पन्नास लाख. मग स्वप्न सोडायचं का?

अजिबात नाही. २०२५ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस मर्यादित संख्येत आल्या, दोन्ही २६५ पीएसच्या, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या. स्कोडाचा कारखाना आपल्या शेंद्र्यात असला तरी आरएस बाहेरून पूर्ण तयार होऊन आली होती, त्यामुळे सुटे भाग इथे लगेच मिळतील असं गृहीत धरू नका. शहरात, कुटुंबासह, आणि कोइम्बतूरसारख्या ट्रॅकवर या गाड्या मनापासून आनंद देतात.

ज्यांनी ट्रॅकवर कधीच पाऊल ठेवलेलं नाही त्यांना माझा आग्रह आहे: आधी एखाद्या ट्रॅकवरच्या प्रशिक्षण शाळेत, त्यांच्या गाडीत शिका. मग गाडी निवडा. शिकल्यावर आवड बदलते, आणि बरेचदा बजेटही.

१३. मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

शिकायला आणि आनंदाला मॅन्युअल, फेरीची वेळ कमी करायला ऑटोमॅटिक. एम२ मध्ये दोन्ही मिळतात.

१४. वापरलेली गाडी घेताना काय तपासायचं?

पोर्शेत इंजिनच्या संगणकात ओव्हर-रेव्हची (इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची) नोंद राहते, सहा टप्प्यांत. अधिकृत सर्व्हिसकडून हा अहवाल मागा. वरच्या टप्प्यांत नोंदी असतील, विशेषतः अलीकडच्या, तर चुकीच्या गिअरमध्ये इंजिन ओढलं गेलंय. बीएमडब्ल्यूच्या एम गाडीत २००० किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसची नोंद पाहा. ती वेळेवर झाली नसेल तर विक्रेत्याला कारण विचारा.

डिस्कवर निळसर झाक किंवा बारीक भेगा, पुढच्या बंपरखाली ओरखडे, टायरच्या कडा आतून खाल्लेल्या: या ट्रॅकच्या खुणा. ट्रॅकवर गेलेली गाडी वाईट असते असं मुळीच नाही. नीट निगा राखलेली ट्रॅकची गाडी मला वर्षभर कव्हरखाली उभ्या गाडीपेक्षा बरी वाटते. टायरवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. फोर्ड मस्टँगही स्वस्तात दिसेल, पण फोर्डने भारतातली विक्री बंद केली आहे, सुट्या भागांची सोय आधी लावा.

दिल्ली किंवा बंगळूरची गाडी आणत असाल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, मग आपल्याकडे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर. हे जमेस धरल्याशिवाय "स्वस्त पडली" म्हणू नका.

१५. कंपनीच्या नावावर घेतली तर कर कमी पडतो का?

महाराष्ट्रात रोड टॅक्स उलट जास्त पडू शकतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, तर कंपनीच्या नावावर किंवा आयात गाडीला २० टक्के. जुलै २०२५ पासून कमाल मर्यादा ३० लाख आहे. वर उल्लेखलेल्या बहुतेक गाड्या आयातच असल्याने त्यांना दोन्हीकडून २० टक्केच लागतात. घसाऱ्याचा हिशोब मात्र तुमच्या सीएकडूनच करून घ्या.

१६. ट्रॅकवर गाडी ठोकली तर विमा मिळतो का?

नेहमीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा भाग असतो. त्यात आयोजित शर्यत, वेगचाचणी, पेस मेकिंग (शर्यतीत पुढे राहून इतरांचा वेग ठरवणं) हे वगळलेलं असतं. ट्रॅक डे ही शर्यत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण तो दावा अडकल्यावर करायची वेळ येऊ नये. आधीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मिळालं नाही तर ट्रॅकवरचं नुकसान आपल्या खिशातून भरायची तयारी ठेवून उतरा. ती तयारी नसेल तर तेवढ्या किमतीची गाडी ट्रॅकवर नेऊ नका, भाड्याची न्या.

१७. गाडी एमएच-२० ची, ट्रॅकसाठी रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) आणि वेगळा एक्झॉस्ट बसवला. रस्त्यावर चालेल?

नाही. कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. शिवाय हेल्मेटशिवाय केजच्या पाइपवर डोकं आपटणं हा रस्त्यावरचा वेगळाच धोका. पॅड, फ्लुइड, मूळ मापाचे टायर आणि अलाइनमेंट एवढ्यावर थांबा. केज हवाच असेल तर ती गाडी फक्त ट्रॅकची ठेवा आणि कॅरिअरवरच हलवा.

१८. डिलिव्हरी याच महिन्यात आहे आणि पुढच्याच महिन्यात बुद्धवर ट्रॅक डे. नेऊ का?

रनिंग-इन (नवं इंजिन जपून चालवायचा काळ) पूर्ण झालं असेल तरच. एम गाड्यांना पहिले २००० किलोमीटर जपून चालवणं आणि मग इंजिन व डिफरेन्शियलची (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाची) पहिली सर्व्हिस करणं बंधनकारक समजा. नवे पॅड आणि डिस्कही एकमेकांवर बसायला वेळ लागतो. महिन्यात तेवढे किलोमीटर होत नसतील तर या खेपेला गाडी घरी ठेवून तुम्ही एकटेच जा, प्रशिक्षकाच्या शेजारी बसून ट्रॅकची वळणं पाहून घ्या. हेल्मेट स्वतःचं न्या. स्नेल एसए किंवा एफआयए या कार शर्यतींच्या सुरक्षा मानकांनी प्रमाणित हेल्मेटचं अस्तर आग सोसणारं असतं, दुचाकीच्या हेल्मेटमध्ये ती सोय नसते. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि गाडीची टो-हुक (ओढून नेण्यासाठीची कडी) कुठे आहे ते आधीच पाहून ठेवा.